घरच्या रेकॉर्डिंगला खरा प्रीअँप-कॉम्प्रेसर घ्यावा का प्लगइनवरच भागवावं? (आवाज, पेटी, तबला)

पेटीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही घरी अभंग, गवळणी आणि अधूनमधून एखादं नाट्यपद रेकॉर्ड करतो. बहीण गाते, मी पेटीवर, तबल्याला शेजारचा मित्र आणि टाळ ज्याच्या हाताला लागेल तो वाजवतो. सगळे एकदम बसत नाही कारण इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) दोनच इनपुटचा आहे, त्यामुळे आधी तानपुरा आणि पेटी, मग तबला, मग आवाज असं थरावर थर चालतं. बाकी सामान म्हणजे मोठ्या डायफ्रामचा एक कंडेन्सर माईक, एक एसएम५७ माईक, हेडफोन, जुना लॅपटॉप आणि त्यात रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. प्लगइन, म्हणजे मशिनींचं काम सॉफ्टवेअरमध्ये करणारे, सगळे फुकटवाले. टीडीआर नोव्हा, क्लँगहेल्मचे एकदोन, अ‍ॅनालॉग ऑब्सेशनचे तर ढीगभर उतरवून ठेवलेत, त्यातले निम्मे कशाची नक्कल आहेत तेही मला सांगता येणार नाही.

आता भिशी लागलीये आणि ७० हजार हातात आहेत. घरात फ्रिजची चर्चा सुरू व्हायच्या आत काय ते ठरवायचंय.

अडचण अशी की बहिणीचा आवाज समोर बसून ऐकला की भरदार वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये पाणी घातलेल्या आमटीसारखा. मध्य सप्तकात ठीक, वरच्या षड्जाला गेली की टोचतो, खाली आली की पेटीखाली गडप. मी प्लगइनमध्ये सगळे नॉब फिरवून बघितले. मग व्हिडिओ बघितले, एका बाजूला खरी मशीन, एका बाजूला त्याचंच प्लगइन, आणि शप्पथ सांगतो मला खरी मशीन जाड वाटली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की एक ७३ टाइपचा (नीव्ह १०७३ च्या धर्तीचा) प्रीअँप, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा, आणि एक ७६ टाइपचा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातला चढउतार दाबणारा, दोन्ही अर्थातच आजच्या नकला, ओरिजिनल घ्यायची आपली ऐपत नाही, आणि ते घेतलं की आवाज बसेल.

खोली १० बाय १२, टाइल्सची फरशी, एक खिडकी, एक लोखंडी कपाट. तर सांगा, हा फरक खरा असतो का मी व्हिडिओ बघून येडा झालोय?

मिक्सवेडा_ठाणे

स्वागत आहे भावा. येडा नाही झालास, पण फसलायस थोडा, आणि आम्ही सगळेच कधी ना कधी फसलोय.

पहिली गोष्ट, तो व्हिडिओ लेव्हल जुळवून केला होता का? दोन आवाजांत एक नुसता अर्धा डीबी (डेसिबल) मोठा असेल ना, तरी कान म्हणतो हा जाड आहे, हा जवळचा आहे. मोठा आहे असं म्हणतच नाही, तिथेच गोची होते. मी स्वतः एक महागडं प्लगइन याच पायी घेतलं, नंतर कळलं ते चालू केलं की गुपचूप लेव्हल वाढवतं.

दुसरं, तू कशाची नक्कल घेतोयस ते नीट बघ. ७६ म्हणजे ११७६, बिल पुटनमचं डिझाइन, १९६७ सालचं, एफईटी जातीच्या ट्रान्झिस्टरवर चालणारं. त्याचा अ‍ॅटॅक (दाबायला लागायचा वेळ) २० ते ८०० मायक्रोसेकंद, मायक्रो म्हणतोय, मिली नाही. म्हणजे सगळ्यात सावकाश ठेवला तरी एक मिलिसेकंदाच्या आतच. थ्रेशोल्डचा, म्हणजे कुठल्या लेव्हलपासून दाबायचं याचा, नॉबच नाही, इनपुट वाढवत न्यायचं. आणि गंमत म्हणजे अ‍ॅटॅक-रिलीजचे (रिलीज म्हणजे दाब सोडायचा वेळ) नॉब उलटे आहेत, उजवीकडे नेलं की जलद होतं, बाकीच्या मशिनींच्या बरोब्बर उलट. तू प्लगइनमध्ये सगळे नॉब फिरवले म्हणतोस ना, मला नव्वद टक्के खात्री आहे की सावकाश करायला म्हणून उजवीकडे नेले असशील आणि आवाजाची सगळी अक्षरं चिरडली असतील, कारण नकलेत पण ते तसंच उलटं ठेवतात. एकदा डावीकडे नेऊन बघ.

आणि तुझ्या बहिणीच्या आवाजाला ११७६ च का? अभंगाला मी आधी एलए-टूए टाइपचा कॉम्प्रेसर लावीन. त्यात दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रेझिस्टर असतो, आवाज वाढला की दिवा उजळतो, गेन खाली येतो. सोडताना अर्धं चटकन सोडतो, ६० मिलिसेकंदाच्या आसपास, आणि उरलेलं रेंगाळत काही सेकंदांत. त्यामुळे लांब आलापाला तो दाबतोय हे कळतच नाही. नॉब फक्त दोन. फुकटात पण त्याच्या बऱ्यापैकी नकला मिळतात, तुझ्या त्या ढिगात नक्की असेल एखादी.

प्लगइन खरंच कुठे मार खातात तेही सांगतो, नाहीतर म्हणशील हा आंधळा भक्त आहे. अलियासिंग. समज प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आहे, त्याच्या निम्म्या म्हणजे २४ च्या वरचं काही मावत नाही. आता १० किलोहर्ट्झच्या सुराला सॅच्युरेशन (सिग्नल जरा मोडून रंग आणणं) लावलं तर त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सी, येतो ३० ला, तो मावत नाही म्हणून दुमडून १८ ला येऊन बसतो, ज्याचा मूळ सुराशी काडीचा संबंध नाही. आवाजावर हे फारसं कळत नाही, पण तुमच्या टाळावर कळेल, त्यात वरचंच सगळं भरलेलं असतं. उपाय सोपा आहे, प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर हिशोब करायचं) बटण असलं तर चालू कर, लॅपटॉप घामाघूम होईल पण टाळ स्वच्छ राहील. खऱ्या मशिनीत ही भानगडच नाही, हे मान्य.

पण यासाठी ७० हजार? माझ्या मते नको. टेपचा रंग हवा असेल तर चाऊ टेप उतरव, फुकट आहे, सोनीच्या टीसी-२६० या जुन्या रीळवाल्या मशिनीवरून बनवलंय. तानपुऱ्यावर हलकंसं लाव, मजा येते.

स्पूलवाले_काका

कोल्हापूरचा आहे मी, ४० वर्षं साउंडचं काम करतोय, आधी मांडवात, मग एका छोट्या स्टुडिओत, आता गुडघे बोलतात म्हणून घरी. पोरांनो तुमचं सगळं वाचलं. मिक्सवेड्या, बरोबर बोलतोयस, पण तू नॉबपासून सुरुवात केलीस आणि मी खोलीपासून करतो.

१० बाय १२, टाइल्स, लोखंडी कपाट. बाबा, तुझा आवाज पातळ नाही, तुझी खोली बोलतीय. रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहा आणि एक टाळी वाज. टर्रर्र असं ऐकू आलं की समजायचं भिंती आपसात चेंडू खेळतायत. बहीण गाते तेव्हा माईकला एक बहीण थेट ऐकू येते आणि दहा बहिणी भिंतीवरून. कॉम्प्रेसर काय करतो, मोठं दाबतो आणि लहान वर काढतो. म्हणजे त्या दहा बहिणींना पुढं आणून बसवतो. खरा असू दे नाहीतर खोटा, दोन्ही तेच करणार. खरा जरा थाटात करेल इतकंच.

आधी गाद्या काढ. गायकाच्या पाठीमागं दोन गाद्या उभ्या कर, बाजूला गोधड्या टाक, खाली सतरंजी. माईकसमोर नाही हां, गायकाच्या पाठीमागं, कारण माईकचं तोंड तिकडं असतं, मागनं तो बहिरा असतो. कपाटावर चादर टाक, नाहीतर डग्ग्याबरोबर ते पण वाजणार. आणि बहीण माईकपासून किती लांब उभी राहते? दोन फुटांवरनं एक फुटावर आली तर थेट आवाज ६ डीबी वाढतो आणि खोलीचा होता तेवढाच राहतो. ६ डीबी फुकटात, कुठला प्रीअँप देतोय सांग.

आता मशिनीबद्दल. मला मशिनी आवडतात, खोटं नाही बोलणार. स्पूलवर काम केलंय, १५ इंच सेकंदाला, रेझर ब्लेडनं टेप कापून चिकटवलीय, एकदा सम कापली गेली आणि तबलजीनं आठ दिवस तोंड बघितलं नाही. पण त्या काळात हिस्स (टेपची सूं) मारायला आम्ही किती मरायचो ते मलाच ठाऊक, आणि आता तुम्ही लोक तोच हिस्स प्लगइनमध्ये विकत घेता, लई हसू येतं.

मशीन म्हणजे जनावर पाळणं आहे. चारापाणी लागतं. उन्हाळ्यात बंद खोलीत ती तापते, आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळत जातात, पावसाळ्यात पॉट (नॉबच्या आतले फिरते रेझिस्टर) खरखरतात. माझ्याकडं एक जुना कॉम्प्रेसर होता, तीन पावसाळे मी तो उघडलाच नाही, माझाच आळस, चौथ्या वर्षी ऐन रेकॉर्डिंगला गेन नॉब फिरवला की कढईत मोहरी तडतडल्यागत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन दिवस बरा, परत तेच. शेवटी पॉट बदलला. तुझ्या गावात असलं दुरुस्त करणारा माणूस आहे का ते आधी विचार, मग मशीन घे.

दुसरं म्हणजे अर्थिंग. घरातल्या प्लगांचं अर्थिंग बघून घे इलेक्ट्रिशियनकडून. मशीन एका भिंतीच्या प्लगवर आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीच्या, मग ५० हर्ट्झचा घूंsss सुरू होणार आणि तू म्हणणार मशीन खराब. सगळं एकाच बोर्डावर लाव. आणि घूं घालवायला थ्री-पिनची अर्थची पिन काढायचं डोकं कुणी लढवेल, ते मात्र करू नको, आवाज जायच्या ऐवजी माणूस जाईल.

ढोलकी_८७

७० हजारात चांगला तबलजी आणि चांगल्या स्टुडिओत दोन दिवस, विषय संपला. 😄 शेजारच्या मित्राला सांगू नका मी म्हणलो म्हणून.

सुरेल_डोंबिवली

मी गाणारी आहे, इंजिनियर नाही, त्यामुळे एक वेगळंच सांगते जे इथे कुणी बोलत नाहीये. तुम्ही सगळे मिक्समधला कॉम्प्रेसर बोलताय, मला विचाराल तर खरी गोष्ट गाताना कानात काय येतं ही आहे.

मी पण घरीच गाते, बेडरूममध्ये, रात्री साडेअकरानंतर, कारण त्याआधी खालच्या मजल्यावर कुकर, वर मुलांची पळापळ आणि मधून लोकल. सुरुवातीला मी कोरा आवाज हेडफोनमध्ये घेऊन गायचे आणि ओरडायचे. म्हणजे मला ओरडतेय असं वाटायचं नाही, पण मंद्रातलं स्वतःलाच ऐकू यायचं नाही म्हणून जोर लावायचे, आणि मग तार सप्तकात गळा आवळला जायचा. पेटीवाले दादा, तुमची बहीण वर टोचते आणि खाली गडप होते म्हणालात ना, ते वाचून मला माझीच आठवण झाली. तिला विचारा, तुला कानात तुझा खालचा सा ऐकू येतो का?

मग मी एकदा एका मैत्रिणीकडे गायले, तिच्याकडे खरा कॉम्प्रेसर होता, माईक, प्रीअँप, तो आणि मग इंटरफेस. हेडफोनमध्ये आवाज इतका आरामात येत होता की मी जवळजवळ कुजबुजले आणि तरी ऐकू आलं. त्या दिवशीचा टेक अजून माझा सगळ्यात चांगला आहे. मशिनीचा रंगबिंग मला कळत नाही, मी वेगळी गायले हे मात्र नक्की.

आता तुम्ही म्हणाल हेच प्लगइन लावून कानात घ्या. घेतलं. पण माझ्या लॅपटॉपला बफर (लॅपटॉप एका वेळी जमवतो तेवढा आवाज) २५६ सॅम्पलच्या खाली ठेवला की टिकटिक व्हायला लागते. २५६ म्हणजे जायला पाच आणि यायला पाच, वर थोडं, १२ मिलिसेकंद वगैरे होतात. पेटी वाजवताना १२ काहीच नाही, चार मीटरवरून आवाज यायला तेवढाच वेळ लागतो. पण गाताना आपला आवाज हाडातून लगेच कानात पोचतो आणि हेडफोनमधून उशिरा, दोन्ही मिसळून आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो आणि सूर कुठे ठेवायचा तेच कळत नाही. मी शेवटी इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये) चालू केलं, लॅपटॉपमधून फक्त रिव्हर्ब (घुमारा) घेते, तो उशिरा आला तरी चालतो, रिव्हर्ब उशिराच यायचा असतो. आणि एक कान उघडा ठेवते. कॉम्प्रेसर नाहीच, पण भागतं.

आणि काकांचं गादीवालं खरंय. मी गोधडीखालीसुद्धा गायलेय, मे महिन्यात. फोटो टाकणार नाही.

पेटीवाला_नाशिक

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. टाळी वाजवली काका, टर्रर्र नाही, चक्क किंकाळी आली. पंखा पण चालू असतो आमचा, बंद केला तर बहीण पाच मिनिटांत उठून जाते.

ताई, विचारलं तिला. ती म्हणाली, मला वाटलं कमीच ऐकू येत असतं सगळ्यांना. दोन वर्षं गातेय ती तशी. मलाच लाज वाटली.

नॉब खरंच उलटे फिरवत होतो. 🙏

एक गोष्ट झाली, इथल्या एका ओळखीच्या माणसाकडे ७६ टाइपची नक्कल आणि एक ७३ टाइपचा प्रीअँप आहे, तो पंधरा दिवसांसाठी दोन्ही द्यायला तयार आहे. दोन इनपुटच्या इंटरफेसला हे नेमकं जोडायचं कसं? मागे एक्सएलआर (माईकच्या केबलचं तीन पिनांचं कनेक्टर) दिसतंय, तेच इंटरफेसच्या एक्सएलआरमध्ये घालू का?

ओहम_म्युनिक

थांबा, एक्सएलआरमध्ये घालू नका. तुमच्या इंटरफेसला पुढे कॉम्बो जॅक (एक्सएलआर आणि जाड जॅक दोन्ही घेणारा) असेल, त्यात एक्सएलआर घातलं की सिग्नल माईक प्रीअँपमध्ये जातो, म्हणजे एका प्रीअँपमागे दुसरा, आणि फँटम (कंडेन्सर माईकला लागणारा वीजपुरवठा) चालू राहिला तर ४८ व्होल्ट उलटे त्या मशिनीच्या आउटपुटवर. एका बाजूला एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला तीन कड्यांचा जाड जॅक अशी केबल करून घ्या आणि लाईन इनपुटवर ठेवा. तरीसुद्धा बऱ्याच स्वस्त इंटरफेसांत लाईन इनपुट म्हणजे आधी पॅड लावून सिग्नल खाली आणायचा आणि परत त्याच आतल्या प्रीअँपमधून न्यायचा असा प्रकार असतो. त्यामुळे बाहेर कितीही भारी प्रीअँप लावला तरी आतला टळत नाही. आतला वाईट असतो असं नाही, आजकाल बरेच स्वच्छ असतात, पण ज्याला टाळायला पैसे घातले तोच वाटेत बसलेला असतो हे माहीत असावं.

मिक्समध्ये वापरायचं म्हणाल तर आणखी पेच. दोनच आउटपुट आहेत आणि ते स्पीकरला गेलेत. कॉम्प्रेसरमधून ट्रॅक फिरवायचा तर एक आउटपुट त्याला द्यावा लागणार, आणि पाच मिनिटांचं पद पाच मिनिटं वाजवूनच परत रेकॉर्ड करावं लागणार. चार आउटपुटचा इंटरफेस नसेल तर हार्डवेअर म्हणजे फक्त आत येताना वापरायची वस्तू, हे आधी ठरवून टाका. आणि आत येताना दाबलेलं नंतर उलगडता येत नाही. सुरुवातीला सुई ३-४ डीबीच्या पुढे जाऊ देऊ नका.

मिक्सवेडा यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद आहे. ७३ टाइपच्या प्रीअँपची सगळी ख्याती ट्रान्सफॉर्मरची आहे. ओरिजिनल नीव्ह १०७३ हा १९७० चा, आत-बाहेर दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात फ्लक्स किती चढणार हे व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशोबाने ठरतं, म्हणजे तेवढ्याच लेव्हलचा ५० हर्ट्झ त्याला ५०० हर्ट्झच्या दहापट दमवतो. त्यामुळे खालचे सूर आधी भरून येतात आणि वरचे स्वच्छ राहतात. साधं सॅच्युरेशन प्लगइन बऱ्याचदा सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकाच मापाने मोडतं. म्हणजे फरक ऐकू येण्याची शक्यता कुठे असेल तर डग्ग्यावर. तुमच्या बहिणीच्या आवाजावर नाही, तिथे त्या फ्रिक्वेन्सीच नाहीत.

पण त्यासाठी तो प्रीअँप दमवावा लागतो. गेन भरपूर वर आणि आउटपुटचा नॉब खाली, हे नाही केलं तर ट्रान्सफॉर्मरला घाम यायच्या आधी तुमच्या इंटरफेसच्या कनव्हर्टरमध्ये (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आवाज फाटेल. निम्मे लोक हे मशीन घेऊन गेन जपून ठेवतात आणि म्हणतात काही फरक नाही. बरोबर आहे, नसणारच.

आवाजाच्या तळाचा हिशोब पण करून बघा. साध्या इंटरफेसची डायनॅमिक रेंज (सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) आज ११० डीबीच्या आसपास असते. पंखा चालू असलेली खोली साधारण ४० डीबी, फुटभर अंतरावरून गाणं ८५-९०. म्हणजे तुमच्या हाती ५० डीबीसुद्धा धड लागत नाहीत, आणि ती मर्यादा पंख्याची आहे. २४ बिट असताना लेव्हल लाल करत नेण्याची गरज नाही, शिखर -१२ डीबीपर्यंत आलं तरी पुष्कळ.

मिक्सवेडा_ठाणे

डग्ग्याचं पटलं. पण डोळे झाकून ऐकल्याशिवाय मी मानणार नाही. पेटीवाल्या, मशीन आलीच आहे तर एक काम कर. बहिणीचा एक कोरा टेक घे, तो आउटपुटमधून काढून मशिनीतून फिरवून परत रेकॉर्ड कर, त्याच कोऱ्या टेकवर प्लगइन लाव, दोन्हींची लाउडनेस मीटरवर जुळव, ०.२ डीबीच्या आत, आणि मग बहिणीला दहादा ऐकव, कुठलं कुठलं न सांगता. एक उलटा करून दुसऱ्यात मिसळून शून्य येतं का बघायचा नाद करू नकोस, खरी मशीन दोनदा फिरवली तर ती स्वतःशीसुद्धा शून्य होत नाही.

पेटीवाला_नाशिक

दोन आठवड्यांनी लिहितोय. केलं सगळं.

पहिल्यांदा आवाज. बहिणीला पाठ करून बसवलं, दहा वेळा ऐकवलं, दहात नऊ वेळा तिने खरी मशीन बरोब्बर ओळखली. मी तर उड्याच मारल्या, म्हणलं बघा, ऐकू येतं. तिला विचारलं काय वेगळं वाटतं गं, जाड वाटतं का, तर म्हणते जाडबिड माहीत नाही, गाणं सुरू व्हायच्या आधी त्यात घूं येतं.

मशीन खिडकीजवळच्या प्लगवर होती. काका, तुमचं वाक्य आठवलं. सगळं एका बोर्डावर आणलं, घूं बरंच बसलं, शिवाय दोन्ही क्लिपची सुरुवात कापून फक्त गाणं ठेवलं आणि परत दहा वेळा. आता पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

मग तबला. मित्राला बोलावलं, ओहम साहेबांनी सांगितल्याप्रमाणे प्रीअँप चांगला दमवला, आउटपुट खाली, कॉम्प्रेसर बंद. तोच टेक प्लगइनमधून पण. इथे दहात आठ. आणि ह्या वेळी घूं नव्हतं, मी तीनदा तपासलं. मला स्वतःला विचाराल तर घिस्सा मारला की डग्गा जरा जास्त वेळ पोटात घुमतो, चाट दोन्हीकडे सारखीच. मित्र म्हणतो फरक त्याच्या हाताचा आहे. टेक एकच आहे म्हणून तीनदा सांगितलं, तरी तेच.

आणि मग गाद्या. दोन मागे, गोधड्या बाजूला, कपाटावर चादर, पंखा फक्त टेकपुरता बंद, बहीण एक बित्ता अजून पुढे, कानात तिचा आवाज डायरेक्ट आणि एक कान उघडा. ह्याची अंध चाचणी घ्यावीच लागली नाही, आई स्वयंपाकघरातून म्हणाली आज काय वेगळं केलंस रे.

तर सध्या तरी ७० हजारांतले पाचसहा हजार रॉकवूल, लाकडी पट्ट्या, कापड आणि एका चांगल्या स्टँडला गेलेत, सुताराला फ्रेम सांगितल्यात. प्रीअँप परत द्यायची तारीख उलटून गेलीये आणि मी फोन टाळतोय. बहिणीला त्यातून गायला आवडतं. फरक ओळखता येत नाही हे तिला कागदावर दाखवलं तरी तिला आवडतं, सुई हलताना बघते म्हणे.

मिक्सवेडा_ठाणे

दहात आठ किंवा जास्त हे नुसत्या नाणेफेकीत पण शंभरातून पाचदा येतं बरं का. वीस वेळा कर आणि मग बोल.

स्पूलवाले_काका

असू दे रे, पोरीला सुई बघू दे. आम्ही पण बघायचो. पेटीवाल्या, रॉकवूल कापताना तोंडाला फडकं आणि हातमोजे घाल, अंगाला लागलं तर दोन दिवस खाजवत बसशील. आणि भिंतीला चिकटवू नको, मागं दोनतीन इंच मोकळी जागा सोड. कोपरे आधी भर.

पेटीवाला_नाशिक

कोपऱ्यात कपाट आहे काका. ते हलवायचं म्हणलं तर आईने आधी गाद्या परत मागितल्यात, रविवारी पाहुणे आहेत. सोमवारी लिहितो.